अंतर, वेळ आणि हवाई मार्गांचे अर्थकारण : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचा अभ्यास

दोन विमानतळांमधील अंतर ही भूगोलाची बाब आणि ते कापण्यास लागणारा वेळ ही विमानाच्या वेगाची बाब, असा सर्वसाधारण समज आहे. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे गणित शाळेतच शिकवले जाते. रस्ता आणि रेल्वे यांच्या बाबतीत हे गणित बऱ्याच अंशी लागू पडते. दूर पल्ल्याच्या हवाई वाहतुकीत मात्र ते अपुरे ठरते. तेथे अंतर वाढूनही वेळ कमी होऊ शकतो. अंतर तेवढेच राहूनही वेळ व खर्च दोन्ही अचानक वाढू शकतात. वाऱ्याची दिशा, देशोदेशींच्या हवाई हद्दींचे राजकारण, विमानाची क्षमता आणि विमानतळावरील जमिनीवरची व्यवस्था या चार घटकांतून प्रवासाचा वेळ आकारास येतो. यांपैकी प्रत्येक घटकाची किंमत असते आणि ती कोणाला तरी मोजावी लागते. ती कोण मोजतो, हा विकासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी दिल्लीतील इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को विमानतळ यांना जोडणारा मार्ग अत्यंत उपयुक्त आहे. एअर इंडियाने या मार्गावर विनाथांबा सेवा २ डिसेंबर २०१५ रोजी सुरू केली. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील अभियंते, विद्यार्थी आणि त्यांना भेटण्यास जाणारे आईवडील यांच्यामुळे या मार्गाला कायम मागणी असते. त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबांची संख्याही मोठी आहे. त्यामुळे पुणे, नाशिक वा नागपूर येथील घरांनाही दिल्लीच्या धावपट्टीवरून निघणाऱ्या या विमानाच्या वेळापत्रकाशी कर्तव्य असते.

नकाशावरील अंतर आणि पृथ्वीवरील अंतर

भिंतीवरच्या सपाट नकाशात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोकडे सरळ रेषा काढली, तर ती उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर ओलांडून किंवा चीन व पॅसिफिक महासागर ओलांडून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा सर्वांत लहान मार्ग दाखवत नाही. शाळेतील पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये एक दोरा ताणून धरला, तर तो मध्य आशिया, सायबेरिया, आर्क्टिक महासागराचा काठ आणि अलास्का यांवरून जातो. गोलाच्या पृष्ठभागावरील या लघुतम मार्गाला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून हिशेब केल्यास दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को विमानतळांमधील असे अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर भरते. हा मार्ग दिल्लीहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो आणि उत्तर अक्षांशाच्या ७५ अंशांपलीकडे जाऊन पुन्हा दक्षिणेकडे वळतो.

प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून जशीच्या तशी उडत नाहीत. दिल्लीच्या उत्तरेस हिमालय व तिबेटचे पठार आहे. केबिनमधील हवेचा दाब एकाएकी कमी झाल्यास विमानाला साधारण दहा हजार फुटांच्या आसपास खाली यावे लागते. ज्या प्रदेशात जमीनच त्याहून उंच आहे तेथे ही सोय राहत नाही. म्हणून अशा पठारावरून दीर्घकाळ उडण्यावर मर्यादा येतात. बिघाड झाल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा पर्यायी विमानतळ जवळ असावा लागतो. ज्या देशांवरून जायचे त्यांची परवानगीही लागते. या सर्व कारणांमुळे दिल्लीहून अटलांटिकमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान सुमारे १३,९०० किलोमीटर अंतर कापत असे. लघुतम अंतरापेक्षा हे अंतर सुमारे १२ टक्क्यांनी अधिक आहे.

लांबचा मार्ग, कमी वेळ

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने या सेवेचा मार्ग बदलला. पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडण्याऐवजी विमान पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. त्या पहिल्या उड्डाणात बोइंग ७७७-२०० एलआर जातीच्या विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर कापले. जुन्या मार्गापेक्षा ते सुमारे १,४०० किलोमीटरने अधिक होते. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले. अटलांटिकमार्गे याच प्रवासास सुमारे सोळा तास लागत.

या विरोधाभासाचे उत्तर वाऱ्यात आहे. मध्य अक्षांशांमध्ये जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. प्रवासी विमाने नेमकी याच उंचीवर उडतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला हे वारे समोरून येतात, तर पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटा देतात. मार्ग बदलण्याच्या वेळी अधिकाऱ्यांनी दिलेल्या सरासरी आकड्यांनुसार अटलांटिक मार्गावर समोरचा वारा ताशी २४ किलोमीटर, तर पॅसिफिक मार्गावर पाठीमागचा वारा ताशी १३८ किलोमीटर होता.

हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर मानून पुढील गणित करता येते. अटलांटिक मार्गावर जमिनीच्या सापेक्ष वेग ९०० वजा २४, म्हणजे ८७६ किलोमीटर होतो. या वेगाने १३,९०० किलोमीटर कापण्यास १५ तास ५२ मिनिटे लागतात. पॅसिफिक मार्गावर वेग ९०० अधिक १३८, म्हणजे १,०३८ किलोमीटर होतो. या वेगाने १५,३०० किलोमीटर कापण्यास १४ तास ४४ मिनिटे लागतात. ढोबळ गृहीतकांवर आधारलेले हे उत्तर प्रत्यक्ष अनुभवाच्या बरेच जवळ येते.

येथे एका प्रचलित गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पूर्वेकडे जाणारे विमान लवकर पोहोचते, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असल्याने विमानाला त्या फिरण्याचा सरळ लाभ किंवा तोटा होत नाही. विषुववृत्त व ध्रुव यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या एकत्रित परिणामातून जेट प्रवाह निर्माण होतात आणि विमानाच्या वेळेवर परिणाम होतो तो या प्रवाहांचा. हे प्रवाह हिवाळ्यात जोरदार असतात व उन्हाळ्यात क्षीण होतात. म्हणूनच कोणता मार्ग किफायतशीर, याचे उत्तर ऋतूनुसार बदलते आणि उड्डाण नियोजकांना ते प्रत्येक उड्डाणासाठी नव्याने काढावे लागते.

तुलनेसाठी सिंगापूर–न्यूयॉर्क ही जगातील सर्वांत लांब पल्ल्याच्या नियमित सेवांपैकी एक पाहता येईल. या दोन विमानतळांमधील लघुतम अंतरही सुमारे १५,३०० किलोमीटर आहे. परंतु त्या सेवेचा वेळापत्रकातील कालावधी अठरा तासांहून अधिक असतो. म्हणजे जवळजवळ तितकेच किलोमीटर, तरीही वेळेत तीन तासांहून अधिक तफावत. किलोमीटरच्या आकड्यावरून प्रवासाच्या वेळेचा अंदाज बांधणे किती फसवे ठरू शकते, हे यावरून दिसून येते.

घड्याळाचा भ्रम

प्रवाशाच्या मनात वेळेविषयी आणखी एक गोंधळ असतो. तिकिटावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे छापलेली असते. भारताची प्रमाण वेळ जागतिक प्रमाण वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात जागतिक वेळेच्या आठ तास मागे असते. दोहोंतील फरक साडेतेरा तासांचा होतो. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे केली जात असल्याने तो साडेबारा तास होतो. त्यामुळे हिवाळ्यात दिल्लीहून पहाटे चार वाजता निघालेले आणि साडेचौदा तास उडालेले विमान तेथील घड्याळानुसार त्याच दिवशी पहाटे पाच वाजता उतरते. कागदावर हा प्रवास एका तासाचा दिसतो. परतीच्या प्रवासात हाच फरक उलट लागू होऊन जवळजवळ सव्वा दिवस खर्ची पडल्यासारखा वाटतो. प्रवासाचा खरा कालावधी काढताना दोन्ही वेळा आधी एकाच प्रमाण वेळेत आणणे, ही पहिली पायरी होय.

वेळेची किंमत

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटपाचा सिद्धान्त मांडला. कोणत्याही उपभोगासाठी पैशाबरोबर वेळही खर्च होतो आणि त्या वेळेलाही किंमत असते, हे त्याचे सार. वाहतूक अर्थशास्त्रात या आधारे प्रवासाचा एकूण खर्च काढताना भाड्यात प्रवासाच्या वेळेचे मूल्य मिळवले जाते. व्यावसायिक प्रवासी दोन तास वाचवण्यासाठी अधिक भाडे देण्यास तयार असतो. सुट्टीत जाणारे कुटुंब कदाचित थांबा घेऊन स्वस्तात जाणे पसंत करते. मात्र घरी गंभीर आजारपण असताना मायदेशी परतणाऱ्या मुलाला त्याच दोन तासांचे मोल वेगळे असते. वेळेचे मूल्य व्यक्तीनुसार व प्रसंगानुसार बदलते आणि विमान कंपन्यांच्या भाड्यातील फरकांचे एक प्रमुख कारण तेच आहे.

विमान कंपनीसाठी वेळेचा हिशेब अधिक थेट आहे. त्याचे चार भाग पडतात.

पहिला भाग इंधनाचा. बोइंग ७७७-२०० एलआर विमान एका तासाला सुमारे ९,६०० लिटर इंधन वापरते. दीड तासाची बचत म्हणजे एका उड्डाणामागे सुमारे १४,४०० लिटर, म्हणजेच साडेअकरा टन इंधनाची बचत. एक टन विमान इंधनाच्या ज्वलनातून सुमारे ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्यामुळे या बचतीतून सुमारे ३६ टन उत्सर्जनही टळते. अंतर वाढूनही प्रदूषण घटते, ही या उदाहरणातील दुसरी लक्षणीय बाब.

दुसरा भाग वहनक्षमतेचा. अधिक वेळ उडायचे तर अधिक इंधन घ्यावे लागते, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते. विमानाच्या एकूण वजनाला मर्यादा असल्याने वाढीव इंधनासाठी प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो. रिकाम्या ठेवलेल्या आसनांचे उत्पन्न बुडते, परंतु उड्डाणाचा खर्च कमी होत नाही.

तिसरा भाग कर्मचाऱ्यांचा. वैमानिकांच्या कामाच्या तासांना सुरक्षेच्या दृष्टीने नियमांनी मर्यादा घातलेली असते. उड्डाण लांबले की वैमानिकांची अधिक संख्या व अधिक विश्रांती आवश्यक ठरते.

चौथा भाग विमानाच्या संधी खर्चाचा. जाण्यास साडेपंधरा तास, येण्यास चौदा तास आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी तीन तासांची तयारी धरल्यास एका फेरीस साडेपस्तीस तास लागतात. रोज एक सेवा चालवण्यासाठी दोन विमाने लागतात आणि ४८ तासांच्या चक्रात साडेबारा तास मोकळे राहतात. देखभाल व उशीर यांची तरतूद याच तासांतून होते. प्रत्येक दिशेस अडीच तास वाढले, तर मोकळे तास साडेसातवर येतात. मग एका दिवसाचा उशीर दुसऱ्या दिवशीच्या सेवेवर जाऊन आदळतो. प्रवाशाला हे अव्यवस्थेसारखे दिसते. मुळात तो गणिताचा परिणाम असतो.

आकाशातील सीमा

आकाशाला कुंपण नसते, असे म्हटले जाते. आंतरराष्ट्रीय कायद्यात मात्र ते असते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य करण्यात आले आहे. दुसऱ्या देशाच्या विमानांना वरून जाऊ देणे ही सवलत असते, आणि मार्गदर्शन सेवेबद्दल त्या देशाला शुल्क मिळते.

दिल्लीच्या दृष्टीने या तत्त्वाला विशेष महत्त्व आहे. दिल्ली–लंडन लघुतम अंतर सुमारे ६,७३० किलोमीटर, तर मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर आहे. युरोप व अमेरिकेच्या प्रवासात दिल्लीला मुंबईच्या तुलनेत सुमारे ४८० किलोमीटरचा भौगोलिक लाभ मिळतो. परंतु हा लाभ पाकिस्तानच्या हवाई हद्दीतून जाता येण्यावर अवलंबून आहे. ती बंद झाल्यास दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरात व अरबी समुद्राकडे वळून मग पश्चिमेस जावे लागते. मुंबईहून निघणाऱ्या विमानांना तुलनेने कमी वळसा पडतो. दिल्ली आणि काबूल यांमधील सरळ अंतर जेमतेम १,००० किलोमीटर आहे. अशा परिस्थितीत ते गाठण्यासाठी इराणपर्यंत वळसा घ्यावा लागतो.

बालाकोट येथील कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती १६ जुलै २०१९ रोजी पूर्णपणे खुली झाली. या काळात २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. दिवसाला सरासरी सुमारे ३ कोटी ९० लाख रुपये असा हा भार होता. स्पाइसजेटचा तोटा ३०.७३ कोटी, इंडिगोचा २५.१ कोटी व गोएअरचा २.१ कोटी रुपये सांगण्यात आला. खासगी कंपन्यांचे आकडे थोड्या कमी कालावधीचे असले, तरी भाराचे वाटप किती विषम होते हे स्पष्ट आहे. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या दूर पल्ल्याच्या सेवा प्रामुख्याने एअर इंडियाच्या होत्या, आणि ती कंपनी तेव्हा सरकारी मालकीची होती. वळशाचा खर्च अखेर सार्वजनिक तिजोरीशी जोडला गेला. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोच्या दिल्ली–इस्तंबूल सेवेला वळशामुळे दोहा येथे इंधनासाठी थांबावे लागले. शुल्क बुडाल्यामुळे पाकिस्तानलाही सुमारे ८५० कोटी पाकिस्तानी रुपयांचा तोटा झाल्याचे त्या देशाच्या मंत्र्यांनी जाहीर केले होते. हवाई हद्द बंद ठेवणे दोन्ही बाजूंना महाग पडते.

पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द पुन्हा बंद केली, आणि ३० एप्रिल रोजी भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपली हद्द बंद केली. ही मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढवण्यात आली. जानेवारी २०२२ पासून एअर इंडिया टाटा समूहाकडे गेलेली असल्याने या वेळी भार खासगी कंपनीवर पडला. बंदी वर्षभर राहिल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा भार पडेल, असा कंपनीचा अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाला होता. उत्तर अमेरिकेच्या काही सेवांना व्हिएन्ना व कोपनहेगन येथे इंधनासाठी थांबे द्यावे लागले. जून २०२५ मध्ये इस्राइल–इराण संघर्षामुळे इराणची हवाई हद्दही काही काळ बंद झाली आणि पर्यायी मार्ग आणखी अरुंद झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून कंपनीने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित केली. नूतनीकरणासाठी काढून घेतलेल्या विमानांमुळे पडलेला तुटवडा आणि हवाई हद्दीवरील निर्बंध, अशी दोन कारणे त्यासाठी देण्यात आली.

रशियाच्या बाबतीत परिस्थिती याच्या उलट आहे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना रशियाच्या आकाशातून जाणे बंद झाले. भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सला आपली सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली सेवा स्थगित करावी लागली. एका देशाच्या बंद दाराने भारतीय कंपनीचे नुकसान केले, तर दुसऱ्या देशाच्या उघड्या दाराने तिला स्पर्धेत लाभ दिला. मात्र या लाभालाही जोखमीची किनार आहे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरवावे लागले. २१६ प्रवासी व १६ कर्मचाऱ्यांना दुसरे विमान येईपर्यंत त्या दुर्गम ठिकाणी राहावे लागले. लघुतम मार्ग निवडताना बचतीबरोबर अशा प्रसंगांची शक्यताही हिशेबात धरावी लागते.

जमिनीवरचा वेळ

आकाशातील तासांवर इतके लक्ष केंद्रित होते की जमिनीवरील तास नजरेआड होतात. उदाहरणादाखल नागपूरहून दिल्लीमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या प्रवाशाचा काल्पनिक हिशेब मांडता येईल. घर ते विमानतळ एक तास, आगाऊ पोहोचणे दोन तास, नागपूर–दिल्ली उड्डाण पावणेदोन तास, दिल्लीत विमान बदलण्यास चार तास, पुढील उड्डाण सोळा तास, पारपत्र तपासणी व सामान दीड तास आणि विमानतळ ते घर दीड तास. एकूण वेळ पावणेअठ्ठावीस तास होतो. त्यापैकी दहा तास, म्हणजे सुमारे ३६ टक्के वेळ जमिनीवर जातो. दोन्ही टप्प्यांचे लघुतम अंतर सुमारे १३,२३० किलोमीटर आहे. त्याला एकूण वेळेने भागल्यास प्रवासाचा प्रभावी वेग ताशी सुमारे ४७७ किलोमीटर येतो. विमानाचा वेग ९०० असला तरी प्रवाशाचा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो.

पल्ला जितका कमी, तितका हा परिणाम अधिक. दिल्ली–मुंबई हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे व उड्डाण सव्वादोन तासांच्या आत होते. घरापासून घरापर्यंत सहा तास धरल्यास प्रभावी वेग ताशी १९० किलोमीटरवर येतो. राजधानी एक्सप्रेस १,३८४ किलोमीटरचा लोहमार्ग पंधरा-सोळा तासांत कापते. पण ती शहराच्या मध्यभागी सोडते. म्हणूनच मध्यम पल्ल्यावर वेगवान रेल्वे विमानाशी स्पर्धा करू शकते.

दिल्लीत जमिनीवरचा वेळ कमी करण्याचे काही महत्त्वाचे प्रयत्न झाले आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या विमानतळ मेट्रोने नवी दिल्ली रेल्वे स्थानक ते विमानतळ हा प्रवास वीस मिनिटांच्या आत आणला. जुलै २०२३ मध्ये विमानतळावर चौथी धावपट्टी आणि पूर्वेकडील उन्नत जोडमार्ग सुरू झाला. त्यामुळे तिसऱ्या धावपट्टीवर उतरून पहिल्या टर्मिनलकडे जाणाऱ्या विमानांचे जमिनीवरील अंतर सुमारे नऊ किलोमीटरवरून दोन किलोमीटरवर आले. डिसेंबर २०२२ मध्ये चेहऱ्याच्या ओळखीवर आधारित डिजियात्रा सुविधा आणि जून २०२४ मध्ये पूर्वनोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी जलद पारपत्र तपासणी सुरू झाली. यांपैकी एकाही उपायाने दिल्ली अमेरिकेच्या जवळ आली नाही. प्रवाशाची वेळ मात्र वाचली.

राजधानी प्रदेशात आता एकाहून अधिक विमानतळांची रचना आकारास येत आहे. गाझियाबादजवळील हिंडन येथे २०१९ मध्ये नागरी टर्मिनलचे उद्घाटन झाले, तर जेवर येथील विमानतळाची पायाभरणी २५ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. नवे विमानतळ नोएडा, फरिदाबाद, अलीगढ या भागांतील रहिवाशांचे घरापासूनचे अंतर कमी करतील. परंतु देशांतर्गत उड्डाण एका विमानतळावर व आंतरराष्ट्रीय उड्डाण दुसऱ्यावर असल्यास प्रवाशाला राजधानीच्या रहदारीतून सत्तर किलोमीटरचा प्रवास करावा लागेल. पॅसिफिक मार्गाने वाचवलेला दीड तास अशा एका वळणावर सहज नाहीसा होऊ शकतो. दोन विमानतळांमधील खात्रीशीर, जलद सार्वजनिक वाहतूक ही या रचनेच्या यशाची पूर्वअट आहे.

धोरणासाठी बोध

योगायोगाने पॅसिफिक मार्गाचा प्रयोग झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, प्रादेशिक हवाई जोडणीची उडान योजना जाहीर झाली. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजेच साधारण एका तासाच्या प्रवासास २,५०० रुपये भाड्याची मर्यादा त्यात ठरवण्यात आली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली सेवेबरोबर नांदेड–हैदराबाद सेवेचाही शुभारंभ झाला. सामान्य माणसाला वेळ परवडावा, हा या योजनेचा गाभा होता. तेथेही किलोमीटर हे वेळेचे सोयीचे माप म्हणून स्वीकारले गेले. प्रशासकीय दृष्ट्या ते आवश्यकच होते. मात्र योजनांच्या यशाचे मूल्यमापन करताना प्रवाशाचा घरापासून घरापर्यंतचा वाचलेला वेळ मोजला गेला पाहिजे. विमानतळ सुरू झाला, पण सेवा आठवड्यातून दोनच दिवस असेल, तर पाचशे किलोमीटरच्या प्रवासाला प्रत्यक्षात तीन दिवसांची प्रतीक्षा जोडली जाते.

या विवेचनातून पुढील मुद्दे पुढे येतात. एक, दूर पल्ल्याच्या सेवांचे नियोजन एकाच शेजारी देशाच्या हवाई हद्दीवर विसंबून करणे जोखमीचे आहे. पर्यायी मार्गांच्या परवानग्या व इंधन थांब्यांची व्यवस्था शांततेच्या काळातच करून ठेवावी लागते. दोन, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने हवाई हद्दी बंद झाल्यास त्याचा खर्च कंपनी, प्रवासी आणि शासन यांच्यात कसा वाटला जावा, याचे स्पष्ट सूत्र असावे. दर वेळी तात्पुरता तोडगा काढणे हितावह नाही. तीन, दिल्लीला आंतरराष्ट्रीय केंद्र बनवायचे असल्यास विमान बदलण्यास लागणारा वेळ कमी करणे हे नवी विमाने घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आखाती शहरांतील विमानतळांनी भारतीय प्रवासी आकर्षित केले, त्यामागे सुलभ जोडणीचा मोठा वाटा आहे. चार, देशांतर्गत उड्डाणांच्या वक्तशीरपणाची आकडेवारी दरमहा प्रसिद्ध होते. तिला जोडणीसाठी व तपासणीसाठी लागणाऱ्या वेळेच्या आकडेवारीची जोड मिळाल्यास सुधारणेला निश्चित दिशा मिळेल.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. १ ऑगस्ट २००७ रोजी त्याच मुंबईहून न्यूयॉर्कची विनाथांबा सेवा सुरू झाली. या सहा दशकांत पृथ्वी लहान झाली नाही. विमाने दूर उडू लागली, एवढाच बदल झाला. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला निघालेली विमाने पुन्हा युरोपात इंधनासाठी थांबू लागली, तेव्हा विमानांची क्षमता घटलेली नव्हती. आकाशातील वाट बंद झाली होती. तंत्रज्ञानाने मिळवलेला वेळ टिकवून ठेवण्यासाठी शेजाऱ्यांशी संबंध, पर्यायी मार्गांची सिद्धता आणि जमिनीवरची कार्यक्षम व्यवस्था या तिन्हींची गरज असते. हवाई वाहतुकीतील पुढील गुंतवणुकीचे प्राधान्यक्रम ठरवताना या तिन्हींना धावपट्ट्या व टर्मिनल यांच्या बरोबरीचे स्थान मिळणे आवश्यक आहे.